जुन्या व्हॅनच्या इंजिनाची टकटक: काही उघडण्याआधी कारण कसं शोधायचं

जुन्या व्हॅनच्या इंजिनातून टकटक ऐकू यायला लागली की मनात पहिला प्रश्न येतो तो ‘आवाज नेमका कुठून येतोय?’ प्रश्न बरोबर आहे, पण तो सुरुवातीचा नव्हे. इंजिनाचा ब्लॉक आणि हेड म्हणजे सलग धातू. एका टोकाचा ठोका दुसऱ्या टोकालाही खणखणीत ऐकू येतो. त्यातून व्हॅनचं इंजिन बहुतेक वेळा पुढच्या सीटखाली, दोन सीटच्या मधल्या कव्हरखाली किंवा मागच्या फ्लोअरखाली असतं आणि वरची पत्र्याची रिकामी बॉडी ढोलासारखी घुमते. सीटवर बसून जी टकटक ऐकू येते तिच्यात मूळ आवाज किती आणि पत्र्याचा किती, हे सांगता येत नाही. तिच्यावरून जागा ठरवली की चुकीचा भाग उघडला जातो.

त्याऐवजी तीन गोष्टी आधी पक्क्या कराव्यात: आवाज कधी येतो, किती भराभर येतो आणि काय केल्यावर बदलतो. एवढं नीट कळलं की बरेचसे संशयित पाना हातात न घेताच बाजूला पडतात. हे न करता हेड उतरवलं जातं आणि दोष निघतो मॅनिफोल्डच्या, म्हणजे हेडमधून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांच्या, एका तुटलेल्या स्टडमध्ये (बोल्टमध्ये). हे फार वेळा होतं आणि ते सहज टाळता येतं.

इंजिन चालू ठेवायचं की लगेच बंद करायचं?

तपासणीच्या आधी हा निर्णय. आवाज हलका, टोकदार, वरच्या बाजूने येणारा असेल, टिकटिक किंवा किटकिट अशा जातीचा, तर इंजिन थोडा वेळ चालवून ऐकायला हरकत नाही. पण आवाज जड, बोथट, खालून येणारा ठोका असेल, इंजिन गरम झाल्यावर वाढत असेल, किंवा त्याच्या जोडीला ऑईलचा लाल दिवा लुकलुकत असेल, तर चावी फिरवून इंजिन बंद करा आणि गाडी ओढून न्या. कनेक्टिंग रॉड पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी, जोडतो. त्याचं बेअरिंग सैल झालं की रॉड क्रँकवर प्रत्येक फेऱ्यात आपटतो. अशा अवस्थेत ‘गॅरेजपर्यंतच जायचंय’ म्हणून चालवलेली गाडी क्रँक खराब करते. कधी रॉड तुटून ब्लॉकला भोक पडतं आणि बेअरिंग बदलून भागलं असतं तिथे इंजिनच बदलावं लागतं.

दिवा पेटत नाही म्हणजे ऑईलचा दाब चांगला आहे, असंही समजू नका. दिव्याचा स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारच्या आसपास काम करतो. त्याच्या थोडा वर दाब असला की दिवा विझलेला राहतो, पण तेवढा दाब भरधाव चालणाऱ्या बेअरिंगना पुरत नाही.

व्हॅनबाबत आणखी एक जपायचं. इंजिनाचं कव्हर गाडीच्या आत उघडत असेल तर तपासणी उघड्यावर, सगळी दारं सताड उघडी ठेवून करा. एक्झॉस्ट कुठे गळत असेल तर कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनमध्ये येतो. त्याला वास नसतो, त्यामुळे तो आल्याचं कळत नाही. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी दूर ठेवा. विजेवर चालणारा पंखा न सांगता सुरू होतो.

पहिलं काम ऑईलचं

गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि वाचा. बऱ्याच इंजिनांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो. पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल तर आधी ऑईल भरा आणि मग पुन्हा ऐका. चढावर किंवा वळणावर ऑईल एका बाजूला सरकून पंप हवा ओढतो आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे भाग, किटकिटायला लागतात. पुरेसं ऑईल पडल्यावर काही मिनिटांत इंजिन शांत झालं, तर शोध गळतीचा किंवा ऑईल जळण्याचा घ्यायचा.

पातळीवर थांबू नका. डिपस्टिकवरचा थेंब दोन बोटांत चोळा आणि वास घ्या. पेट्रोल किंवा डिझेलचा वास येत असेल, ऑईल पाण्यासारखं पातळ लागत असेल आणि पातळी वाढलेली असेल, तर इंधन ऑईलमध्ये उतरतंय. असं ऑईल बेअरिंगवर टिकत नाही. रंग दुधाळ, कॉफीसारखा असेल तर पाणी मिसळलंय. ऑईल काळं असणं हा मात्र दोष नाही. डिझेल इंजिनात ते बदलल्यावर लगेचच काळं होतं.

ग्रेडही, म्हणजे ऑईलचा जाड-पातळपणाही, पाहा. जुन्या इंजिनात फटी वाढलेल्या असतात. जिथे १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० सांगितलंय तिथे ५डब्ल्यू-३० टाकलं तर गरम झाल्यावर आवाज वाढू शकतो. उलट, आवाज दाबायला म्हणून सांगितल्यापेक्षा जाड ऑईल टाकणं मला पटत नाही. सकाळी सुरू करताना ते वरपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि झीज त्याच वेळी होते. बाटलीतली ‘आवाज बंद’ करणारी द्रव्यंही तपासणी पूर्ण होईपर्यंत टाकू नका, कारण आवाज हीच आपली खूण आहे आणि ती पुसून टाकली तर शोधायचं कशावरून?

सुरू केल्यावर दोन-चार सेकंद टकटक होऊन थांबत असेल तर ऑईल फिल्टर बघा. फिल्टरमध्ये रबराचा एक पडदा असतो. इंजिन बंद असताना वरचं ऑईल खाली उतरू नये म्हणून तो असतो. हलक्या फिल्टरमध्ये तो कडक होतो, रात्रभरात ऑईल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑईलच्या भांड्यात, उतरतं आणि सकाळी वरचे भाग क्षणभर कोरडे चालतात. चांगला फिल्टर बसवून हा आवाज गेला तर पुढे काही करायचं नाही.

आता ऐकायचं

पहिली परीक्षा थंड इंजिनावर, रात्रभर उभ्या गाडीत. सुरू करण्याआधीच फोनवर रेकॉर्डिंग चालू करा, कारण काही आवाज पहिल्या दहा सेकंदांतच असतात. मग इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत दर काही मिनिटांनी पुन्हा ऐका. थंडीत मोठा आणि गरम झाल्यावर मिटणारा आवाज बहुधा एक्झॉस्टच्या गळतीचा किंवा पिस्टनच्या सैलपणाचा असतो. थंडीत शांत आणि गरम झाल्यावर सुरू होणारा आवाज ऑईलच्या दाबाकडे आणि बेअरिंगकडे बोट दाखवतो, कारण गरम ऑईल पातळ होतं. जास्त फट असलेला साधा टॅपेट थंड-गरम दोन्हीत वाजतो.

दुसरी परीक्षा वेगाची, आणि ही मला सगळ्यांत उपयोगी वाटते. फोर-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते. आयडलिंगला इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर एक व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला सहा-सात टकटक. क्रँकशी जोडलेला आवाज सेकंदाला तेरा-चौदा वेळा येतो. कानाने इतकं मोजता येत नाही, म्हणून रेकॉर्डिंग फोनवरच्या एखाद्या ध्वनी-संपादन ॲपमध्ये उघडा आणि एका सेकंदातली टोकं मोजा. डिस्ट्रिब्युटर असलेल्या पेट्रोल इंजिनात याहून सोपी युक्ती आहे. टायमिंग लाइटची, म्हणजे ठिणगीबरोबर चमकणाऱ्या तपासणीच्या दिव्याची, क्लिप एका प्लगच्या केबलला लावा. लाइट क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा चमकतो. प्रत्येक चमकेबरोबर एकच ठोका पडत असेल तर आवाज कॅमच्या वेगाचा, दोन पडत असतील तर क्रँकच्या वेगाचा. एकाच वेळी चार-पाच टॅपेट सैल असतील तर ठोके एकमेकांत मिसळतात आणि मोजणी जमत नाही, पण ती सरसकट किटकिट स्वतःच बरंच सांगते.

निम्म्या वेगाचा आवाज म्हणजे टॅपेटच, असं मात्र नाही. जुन्या पेट्रोल इंजिनांत फ्युएल पंपाची दांडी कॅमशाफ्टवरच चालते. तिचं स्प्रिंग मऊ झालं की हुबेहूब टॅपेटसारखी टिकटिक येते. काही डिझेल व्हॅनमध्ये ब्रेकचा व्हॅक्युम पंप कॅमच्या टोकाला असतो, त्याचंही तेच. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत इंजेक्टरची बारीक, एकसारखी टिकटिक तर नेहमीचीच असते.

तिसरी परीक्षा लोडची. उभ्या गाडीत आवाज नाही, पण भरलेली व्हॅन चढावर खेचताना काचेचे मणी सांडल्यासारखा किणकिणाट होतो, तर बहुधा ते नॉकिंग आहे: इग्निशन टायमिंग जास्त पुढे आहे, मिश्रण पातळ आहे, इंजिन तापतंय, इंधन हलकं आहे किंवा पिस्टनवर कार्बन साचलाय. याला टॅपेट सेटिंग करून काही होत नाही. टायमिंग आणि कूलिंग तपासा, आणि तोपर्यंत खालच्या गिअरवर चालवा. रेटून चढवलं तर पिस्टन जातो.

क्लच दाबूनही बघा. पॅडल दाबल्यावर आवाज बदलला तर शोध इंजिनाच्या मागच्या बाजूला: रिलीज बेअरिंग, क्लच प्लेटच्या स्प्रिंग, गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग, फ्लायव्हीलचे बोल्ट. सैल फ्लायव्हील रॉडच्या बेअरिंगसारखंच ठोकतं, म्हणून इंजिन उघडण्याआधी त्याचे बोल्ट पाहायलाच हवेत.

इंजिनाच्या बाहेरचे संशयित

अंगावरची झाकणं आधी. सायलेन्सरवरचं उष्णतेपासून आडोसा देणारं पत्र्याचं कव्हर, सीटखालच्या कव्हरच्या क्लिपा, एअर फिल्टरची पेटी हे हातमोजा घालून एकेक दाबून धरा. इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे रबराचे माउंट, बसले असतील तर सायलेन्सरचा पाइप बॉडीला टेकतो आणि आयडलिंगला टकटक करतो. गाडीखाली वाकून पाइपावर घासल्याची चमक दिसते का पाहा.

मग मॅनिफोल्ड. जुन्या व्हॅनमध्ये टॅपेट म्हणून सर्वांत जास्त वेळा पकडला जाणारा खोटा चोर हाच. मॅनिफोल्ड आणि हेड यांच्यामधलं गॅस्केट जळलं किंवा स्टड तुटला की प्रत्येक स्फोटाचा धूर त्या फटीतून टिक करून सुटतो. थंड इंजिनात फट मोठी असते. धातू तापून फुगला की ती मिटते. खूण काळी आणि कोरडी असते: सांध्याभोवती काजळीचा पंखा पसरलेला दिसतो. आरसा आणि टॉर्च घेऊन खालच्या स्टडकडेही पाहा, कारण वरचे सगळे शाबूत असून खालचा एकच तुटलेला असू शकतो. थंड इंजिन सुरू करून लगेच रबरी नळीचं एक टोक कानाजवळ आणि दुसरं सांध्याजवळून फिरवलं की फूत्कार स्पष्ट ऐकू येतो. मदतीला कोणी असेल तर जाड फडक्याने सायलेन्सरचं तोंड काही क्षण अर्धवट झाका. गळती असेल तर टकटक वाढते.

स्पार्क प्लग सैल असेल तरी असाच फुसफुस आवाज येतो आणि प्लगच्या बुडाशी काळा चिकट थर दिसतो. प्लगची केबल चिरलेली असेल तर ठिणगी हेडवर उडते. अंधारात बॉनेट किंवा कव्हर उघडून पाहिलं की निळसर ठिणगी दिसते. हात लावू नका.

उरलं बेल्टवर चालणारं सामान: आल्टरनेटर, वॉटर पंप, एसीचा कॉम्प्रेसर, स्टिअरिंगचा पंप. इंजिन थंड आणि बंद असताना बेल्ट काढा, सुरू करून अर्धा मिनिट ऐका, बंद करा. आवाज गेला तर एकेक पुली हाताने फिरवून, हलवून बघा. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नको, कारण वॉटर पंप थांबलेला असतो. आणि व्हॅक्युम पंप आल्टरनेटरच्या पाठीवर असेल तर बेल्टशिवाय गाडी एक फूटही हलवू नका, ब्रेकला जोर राहणार नाही.

इंजिनाच्या पुढून, सुरू करताना खडखड आणि रेस सोडताना पुन्हा खडखड, असं असेल तर क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारी टायमिंग चेन सैल आहे किंवा टेन्शनर थकलाय. हे पुढे ढकलू नका. चेन उडाली की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळू शकतात.

लांब स्क्रू-ड्रायव्हर कसा वापरायचा

आता कुठे जागा शोधायची. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप असेल तर उत्तम, नाहीतर लांब स्क्रू-ड्रायव्हर. टोक इंजिनावर घट्ट टेकवा आणि मूठ कानात न घालता कानासमोरच्या हाडावर धरा. आवाज हाडातून येतो आणि इंजिन हिसकलं तरी कानाला इजा होत नाही. टोक पंख्यापासून आणि बेल्टपासून दूर.

टॅपेट कव्हरवर टेकवून प्रत्येक सिलिंडरच्या वर ऐका, पण पातळ पत्र्याच्या कव्हरपेक्षा त्याच्या बोल्टच्या डोक्यावर ऐकलेलं जास्त खरं. मग ब्लॉकच्या बाजूला, मग ऑईल चेंबरच्या कडेला, मग फ्युएल पंप, आल्टरनेटर, वॉटर पंप. जागा बदलताना आवाज मोठा झाला का यापेक्षा टोकदार झाला का ते ऐका. दूरचा आवाज बोथट होऊन पोचतो. जवळचा लख्ख, कडा असलेला लागतो.

टॅपेट

सगळं वरच्या बाजूला, निम्म्या वेगाच्या टिकटिकीकडे येऊन थांबलं, तर आधी ठरवा की टॅपेट हायड्रॉलिक आहेत की साधे. गाडीचं मॅन्युअल सांगतं. कव्हर उघडल्यावर रॉकरच्या, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या आडव्या दांडीच्या, टोकाला स्क्रू आणि लॉकनट दिसले, किंवा कॅमखाली वाटीसारखी बकेट आणि त्यावर शिम, म्हणजे पातळ चकत्या, दिसल्या, तर बहुधा साधे. काहीच जुळवण्यासारखं नसेल तर बहुधा हायड्रॉलिक.

हायड्रॉलिक टॅपेट ऑईलच्या दाबाने स्वतः फट भरून काढतात. ऑईल योग्य असूनही एखादा वाजत असेल तर त्यात हवा किंवा चिकट थर अडकलाय. ऑईल-फिल्टर बदला, इंजिन गरम करा आणि २००० ते २५०० आरपीएमवर काही मिनिटं धरा. खालून ठोका येत नाही याची खात्री असेल तरच. तरीही वाजत राहिला तर इंजिन बंद करून, त्या व्हॉल्व्हचा कॅम वर उंचावलेला नाही अशा स्थितीत लाकडी दांडीने तो टॅपेट दाबा. स्पंजासारखा सहज खाली गेला तर तो बदलायचा.

साध्या टॅपेटचं काम घरी होतं, फक्त घाई नको. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. इंजिन थंड की गरम, हे मॅन्युअल सांगेल तसंच. दोन्हींचे आकडे वेगळे असतात. फट बहुतेक जुन्या इंजिनांत ०.१५ ते ०.४० मिमीच्या दरम्यान असते आणि एक्झॉस्टची बहुधा इनलेटपेक्षा जास्त, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो आणि लांबतो. अंदाजाने सेट करू नका, आकडा शोधून काढा.

स्पार्क प्लग काढले की इंजिन हाताने हलकं फिरतं. क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून, इंजिन चालतं त्याच दिशेने फिरवा. चार सिलिंडरच्या, १-३-४-२ या क्रमाने फायरिंग होणाऱ्या इंजिनात एक सोय आहे: चौथ्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर एकाच वेळी हलायला लागतात, एक बंद होतोय आणि दुसरा उघडतोय, तेव्हा पहिल्याचे दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण बंद असतात. ते मोजा. पहिला हलताना चौथा, दुसरा हलताना तिसरा, तिसरा हलताना दुसरा. लहान व्हॅनमधल्या तीन सिलिंडरच्या इंजिनात अशी जोडी नसते. तिथे प्रत्येक सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून मोजायचा. क्रँकच्या दर २४० अंशांना पुढचा सिलिंडर येतो.

फीलर गेज म्हणजे ठरावीक जाडीच्या पत्त्यांचा संच. त्याची पत्ती फटीत घालताना ती लोण्यातून गेल्यासारखी जाऊ नये आणि वाकूही नये; हलकी ओढ लागावी. खात्रीसाठी दोन पत्त्या वापरा: ०.२० हवं असेल तर ०.२० जाते आणि ०.२५ अडते, म्हणजे बरोबर. स्क्रू धरून लॉकनट आवळा आणि आवळल्यावर पुन्हा मोजा. लॉकनट घट्ट होताना स्क्रू थोडा फिरतोच, आणि ‘सेटिंग करूनही आवाज राहिला’ या तक्रारीचं कारण पुष्कळदा हेच असतं. आधीचे आणि नंतरचे आकडे वहीत लिहून ठेवा.

दुसरं कारण रॉकरमध्ये असतं. वर्षानुवर्षं व्हॉल्व्हच्या टोकावर घासून रॉकरच्या तोंडाला छोटी खळगी पडते. बोटाचं नख फिरवलं तर तिची कड लागते. सपाट पत्ती त्या खळगीच्या दोन कडांवर पुलासारखी टेकते आणि गेज ०.२० दाखवतं, पण मधली खरी फट ०.३० किंवा त्याहून जास्त असू शकते. अशा रॉकरचं तोंड घासून सरळ करून घ्यावं लागतं किंवा रॉकर बदलावा लागतो. रॉकर शाफ्टवर रॉकर वर-खाली हलवून पाहा. तिथला खेळही टकटक करतो आणि तो स्क्रूने जाणार नाही. सेटिंग करूनही त्याच व्हॉल्व्हची फट थोड्याच दिवसांत पुन्हा वाढली तर कॅमचं नाक, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारा उंचवटा, झिजत असण्याची शक्यता मोठी. डायल गेजने सर्व व्हॉल्व्हची लिफ्ट मोजा. एक बाकीच्यांपेक्षा कमी उचलला जात असेल तर उत्तर मिळालं.

आवाज कमी व्हावा म्हणून फट सांगितल्यापेक्षा कमी करू नका. ही विनंती मी कळकळीने करतो. व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीवर, टेकल्यावर हेडला देतो. फट कमी पडली की गरम झाल्यावर तो पूर्ण बसत नाही, उष्णता अडकते आणि त्याची कड जळते. मग कॉम्प्रेशन जातं, मिसिंग सुरू होतं आणि हेड उतरवावंच लागतं. थोडा वाजणारा टॅपेट वर्षभर चालतो; घट्ट टॅपेट मुकाट्याने इंजिन खातो. सीएनजी किंवा एलपीजीवर चालणाऱ्या व्हॅनमध्ये हे जास्त लागू आहे. कोरड्या इंधनात मऊ सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट आपोआप कमी होते. अशा गाडीचे नेहमी हलके वाजणारे टॅपेट एकाएकी शांत झाले तर समाधान मानू नका, फट मोजा.

कव्हर बसवताना नवं गॅस्केट घाला आणि बोल्ट बेताने आवळा. पत्र्याचं कव्हर वाकलं की ऑईल एक्झॉस्टवर गळतं आणि जळका वास केबिनमध्ये येतो.

खालच्या बाजूचे आवाज

आवाज क्रँकच्या वेगाचा निघाला तर एकेक सिलिंडर बंद करून ऐका. पेट्रोल इंजिनात इंजेक्टरचं कनेक्टर काढून, कार्ब्युरेटरच्या गाडीत प्लगची केबल काढून. केबल इंजिन बंद असताना काढा, तिचं टोक दुसऱ्या प्लगला जोडून तो प्लग इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा आणि मगच सुरू करा. मोकळी केबल झटका देते आणि इग्निशनचं मॉड्युलही जाळू शकते. गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर केबलची परीक्षा काही सेकंदांतच उरका.

एखादा सिलिंडर बंद केल्यावर ठोका बराच मऊ झाला, तर त्या सिलिंडरचा पिस्टन, पिस्टन आणि रॉड जोडणारी गजन पिन किंवा रॉडचं बेअरिंग. काहीच फरक पडला नाही तर पुन्हा टॅपेट, कॅम आणि बाहेरच्या सामानाकडे या. पिस्टन, गजन पिन आणि रॉडचं बेअरिंग यांतला फरक असा: पिस्टनचा सैलपणा थंडीत पोकळ, सुकी खटखट देतो आणि गरम झाल्यावर बराचसा मिटतो; ऑईल फार जळत नसेल तर अशी गाडी पुष्कळ चालते. गजन पिनचा आवाज हलका, धारदार असतो आणि आयडलिंगला जोडठोका ऐकू येतो. रॉडचं बेअरिंग गरम झाल्यावर जड ठोकतं, आणि वाढवलेली रेस किंचित सोडताच ठोक्यांची माळ लागते. ही शेवटची परीक्षा एकदाच, क्षणभर. मेन बेअरिंगचा आवाज सर्वांत खोल. लोडवर घुमल्यासारखा येतो आणि एकच सिलिंडर बंद करून त्यात फारसा बदल होत नाही.

डिझेलची गोष्ट थोडी वेगळी. थंड डिझेल ठोकतंच. पण एकाच सिलिंडरचा कडक ठोका असेल तर इंजेक्टरवर संशय घ्या. तो गळत असेल किंवा कमी दाबावर उघडत असेल. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर आणि फुसफुस असेल तर खालचं तांब्याचं वॉशर गेलंय. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात अनुभवी मेकॅनिक इंजेक्टरच्या पाइपचा नट किंचित सैल करून तो सिलिंडर बंद करतात. चष्मा आणि हातमोजे हवेतच, आणि तोंडासमोर हात अजिबात नको: दाबाखालचं डिझेल कातडी भेदून आत जातं, आणि जखम टिकलीएवढी दिसली तरी लगेच रुग्णालय गाठावं लागतं. कॉमन रेल इंजिनात हे कधीही करू नका; तिथला दाब हजार बारच्या वर जातो. तिथे स्कॅनरने इंजेक्टर बंद करून ऐकतात.

खालच्या आवाजाचा संशय पक्का करायचा तर दोन पुरावे लागतात. एक, ऑईलच्या दाबाचा: स्विच काढून त्या जागी गेज लावायचं आणि इंजिन गरम असताना आयडलिंग आणि वाढवलेला वेग, दोन्हींचा दाब मॅन्युअलशी ताडायचा. मॅन्युअल नसेल तर दर १००० आरपीएमला साधारण ०.७ बार हा मेकॅनिक लोकांचा ढोबळ हिशेब आहे. दुसरा, फिल्टरचा: जुना फिल्टर कापून आतला कागद उलगडा, घड्या पिळा आणि उन्हात बघा. चुंबकाला चिकटणारे कण लोखंडाचे. कॅम, टॅपेट, चेन, रिंग यांच्याकडचे. न चिकटणारी रुपेरी चमक बेअरिंगची किंवा ॲल्युमिनियमच्या पिस्टनची. तांबूस चकत्या दिसल्या तर बेअरिंगचा वरचा थर झिजून खालचा उघडा पडलाय. आता चेंबर उतरवायलाच हवं.

गॅरेजमध्ये गाडी देताना ‘इंजिन वाजतंय’ एवढंच सांगू नका. थंड सुरू करतानाचं रेकॉर्डिंग, ठोका निम्म्या वेगाचा की पूर्ण, कोणता सिलिंडर बंद केल्यावर बदलला, दाबाचे आकडे आणि टॅपेटचे आधीचे-नंतरचे आकडे असं सगळं कागदावर द्या. चेंबर उतरवला तर काढलेले बेअरिंग शेल सिलिंडरच्या क्रमाने ठेवायला सांगा आणि नवे बसवण्याआधी क्रँकचं जर्नल, म्हणजे बेअरिंग बसतं तो गोल भाग, मायक्रोमीटरने मोजून घ्या. जर्नल लंबगोल झालं असेल तर नुसते नवे शेल बसवल्यावर थोड्याच दिवसांत तोच ठोका पुन्हा सुरू होतो.